चार चतकोर

वस्तीत कुणाला बेबाबाईचं घर सांगायचं झालं तर लोक पत्ता देत नसत, खूण देत. "ज्याच्या पोटात टेबल अडकलंय ना, ते घर." थट्टा होती, पण खोटी नव्हती.

तिचा नवरा सुकदेव भुसावळला रेल्वेत फिटर. गावाबाहेर प्लॉट घेऊन त्याने घर बांधायला काढलं, भिंती लिंटलपर्यंत आल्या, आणि नेमका तेव्हाच रेल्वेच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला. कुण्या साहेबाच्या बंगल्यातलं सागवानी टेबल, गोल, साडेतीन फुटांचं, सोबत चार खुर्च्या. सुकदेवचं मन त्यावर बसलं. चौकट अजून यायची होती, म्हणून टेबल सरळ आत गेलं, वाजतगाजत. मग चौकट आली ती अडीच फुटी. पुढे टेबलाचा पाय डगमगायला लागला म्हणून सुकदेवने त्याला खालून लोखंडी पाया वेल्ड केला, आणि त्याच हुरुपात ओट्यावर दारासमोर गच्चीचा लोखंडी जिना उभा केला. झालं. टेबल आत राहिलं ते राहिलंच.

"अहो, उद्या हलवायचं झालं तर?" बेबाबाईने विचारलं होतं.

"हलवायचं कशाले? आपण कुठे जाई राहिनू?"

आणि तोच गेला. या माघाला तीन वर्षं झाली. टेबल आहे तिथेच आहे.

सुकदेव होता तेव्हा त्याचं सगळं जगणं त्या टेबलावर चाले. जेवण तिथे, पेपर तिथे, नादुरुस्त पंखे तिथे. एका कडेला त्याने चक्क शिकंजा ठोकला होता, पाईप धरायला. त्याचं बोटभर भोक अजून होतं. रोज ताट वाढलं की तो समोरची खुर्ची पायाने मागे सारायचा आणि म्हणायचा, "बस ना वं, बेबे. खुर्ची काय शोभाले ठेयेल शे का?"

"तुम्ही जेवी ल्या. मी मंग."

ते 'मंग' काही आलं नाही. तो उठला की ती स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायची. पस्तीस-चाळीस वर्षांची सवय. टेबलाला बसणं म्हणजे तिला ऑफिसात बसल्यासारखं वाटे.

आता ऐका, या गोष्टीचं मूळ आहे सप्ताहात.

वस्तीच्या मारुतीपाशी दर माघात सप्ताह बसतो. सात दिवस कीर्तन, आणि रोज एका घरी महाराजांचं जेवण. कोणतं घर कोणत्या दिवशी याची यादी देवळाच्या खांबाला चिकटवतात. सुकदेव टाळकरी. बुवांच्या उजव्या हाताला, पुढून दुसरा. सतरा सप्ताह त्याचं नाव टाळकऱ्यांत होतं आणि सतरा उपरणी त्याने कमावली, तांबड्या काठाची, दरसाल एक. बेबाबाई बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून. तिला कीर्तनाचं वेड त्याच्यापेक्षा जास्त. ती म्हणायची, कीर्तनाची खरी गोडी एकाच जागी असते. बुवा अभंगाचं चरण सोडून गोष्टीत शिरतात, गोष्ट लांब लांब जाते, आपण चरण विसरूनही जातो, आणि मग हळूच, कुठून वळले ते कळूही न देता, बुवा त्याच चरणावर येऊन उभे राहतात आणि टाळकऱ्यांकडे बघतात. तेव्हा घरून निघालेला माणूस घरी पोचल्यासारखं वाटतं.

महाराजांचा एक दिवस त्यांच्या घराला ठरलेला असायचा. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा. नाशिककडचे एक बुवा तर आल्या आल्या विचारायचे, "फिटरसाहेबांचा वार कोणता?"

सुकदेव गेल्यावरच्या पहिल्या सप्ताहाला यादीत घराचं नाव नव्हतं. बरोबरच होतं, वर्षाच्या आत सणवार करत नाहीत. दुसऱ्या वर्षी यादी लागली. बेबाबाईने चष्मा पुसून ती दोनदा वाचली. नाव नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं हो. एकटी बाई, कशाला तिच्या जिवाला त्रास, असं म्हणून चांगल्या मनानेच गाळलं होतं. पण चांगल्या मनाने गाळलेलं नाव परत घालायला कुणाला सांगणार? भांडता येत नाही, रडताही येत नाही.

तिच्याकडे माणसं येत नव्हती असंही नाही. येत, पण उभ्या उभ्या. लाईटबिल द्यायला, वर्गणी घ्यायला, कढीपत्ता मागायला. ओट्यावर, जिन्याला हात टेकून. "बसा ना," म्हटलं की, "नको अक्का, गॅस चालू शे." तीन वर्षांत त्या चार खुर्च्यांवर पापडाच्या परातीशिवाय काही बसलं नव्हतं.

यंदा सप्ताहाच्या बैठकीत प्रेमराज उभा राहिला. प्रेमराज म्हणजे सप्ताह समितीचा पुढारी, सुकदेवच्या हाताखाली शिकलेला फिटर, सुकदेव गेल्यावर त्याच्या जागी टाळ धरणारा. तो म्हणाला, "यंदाच्या महाराजांचा गुडघा बदलेल शे. खाली बसता येत नाही. तेव्हा ज्याच्या घरी टेबल-खुर्ची असेल त्यानेच दिवस घ्यावा."

मागून बायकांतून आवाज आला, "माझ्याकडे टेबल आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बेबाबाईला वाटलं, आपण जरा मोठ्यानेच बोललो.

"हो की," प्रेमराज म्हणाला. "अक्काकडे टेबल आहेच. मग अक्का, एकादशी तुमची. भगर अन् शेंगदाण्याची आमटी. तुम्हाले बी तरास नाही."

"अन् भरीत?"

"एकादशीले वांगं? महाराजांचं पुण्य जाळता का काय!"

लोक हसले, ती पण हसली. नको असलेला दिवस आपल्या पदरात आला हे तिला कळलं होतं. पण यादीत नाव आलं. घरी येताना ती खांबापाशी थांबून ते वाचूनही आली.

मग घरी येऊन तिने टेबलाकडे पाहिलं, अगदी परक्या माणसाने पाहावं तसं. वरचं प्लॅस्टिक सोलून काढलं. खाली चहाच्या ग्लासांची वर्तुळं, सोल्डरिंगचे काळे डाग, ग्रीसचा एक नकाशा, आणि कडेला ते भोक. यावर महाराजांचं ताट कसं ठेवायचं? पितांबरी झाली, लिंबू झालं, रॉकेलचा बोळा झाला. डाग काही हलेनात. सुकदेव काही पुसला जायचा नव्हता.

तेव्हा ती म्हणाली, यावर कापड घालू. नवं, पांढरं, गोल. घरी शिवू.

बाजारात रतिलाल शेठचं कापडाचं दुकान. तीन पिढ्या झाल्या त्यांना मारवाडातून येऊन, आता शेठ खानदेशी माणसापेक्षा जास्त ठेचा खातात. त्यांनी गोल म्हणताच कपाळाला हात लावला. "अक्का, गोल कापड थानात येत नाही. आमच्याकडे सगळं चौकोनी. गोल तुमचं तुम्हालाच करावं लागेल." आणि साठ इंची पन्ह्याचं सुती कापड काढून साठ इंच मोजून फाडलं. "माप बरोबर आहे. फक्त शेवटचा तुकडा आहे, जपून कापा."

बेबाबाईने आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. झबली, पिशव्या, उशांचे अभ्रे, गोधड्या. पायाचं मशीन तिच्या माहेरचं, शिरपूरहून आलेलं. पण गोल असं तिने कधी काही शिवलं नव्हतं. गोल काढायची रीत मात्र तिला ठाऊक होती, सुकदेव पत्र्यावर काढायचा ती. खिळा, दोरी, खडू. "मधली जागा सापडली," तो म्हणायचा, "की गोल आपोआप येतो. त्याले शिकवा लागत नाही."

दशमीच्या दुपारी तिने कापडाला पाणी दाखवून, वाळवून, इस्त्री केली. जमिनीवर अंथरलं. आधी उभं दुमडलं, मग आडवं दुमडलं. खापरावरचा मांडा कसा उतरवून चौघडी घालतात, तसा चार पदरी चौकोन झाला. आता चौघडीला चार कोपरे. एक कोपरा बंद, तो कापडाचा मध्य. त्याच्या समोरचा सगळा उघडा, चार पदर सुटे. खिळा धरायचा बंद कोपऱ्यावर आणि तीस इंच दोरीने खडू फिरवायचा. तिने बंद कोपरा आपल्याकडे घेतला, खिळ्याऐवजी दोरीच्या टोकावर जुन्या पाट्याचा दगड ठेवला, खडूची दोरी मोजली.

आणि फोन वाजला.

आकाशचा होता, मुलाचा. तो सुरतेला, कापडाच्याच कारखान्यात.

"आई, काय करतेस?"

"शिवणं काढलंय. टेबलावर घालायला. महाराज येणार आहेत उद्या."

"अगं, मला सांगायचं ना! इथून तयार मिळतं, लेसवालं. पाठवून दिलं असतं."

"ते केव्हा पोचायचं? एकादशी उद्या आहे."

"अन् ते टेबल अजून ठेवलंस? आई, खरं सांगू का, कुणाला तरी बोलाव, कापून काढ ते गॅसने आणि देऊन टाक भंगारात. अर्धी खोली खाल्ली त्याने. तिथे छान दिवाण येईल. आम्ही आलो की झोपायला होईल."

"तुम्ही केव्हा येताय?"

पलीकडे कारखान्याचा आवाज वाढला. "बघतो ना. उन्हाळ्यात बघतो. विचारतो हिला."

बोलता बोलता ती उठली होती, खिडकीपाशी गेली होती, कारण रेंज तिथेच यायची. जाताना कापडावर पाय पडू नये म्हणून चौघडी उचलून कडेला ठेवली. फोन ठेवून परत आली तेव्हा डोळ्यांसमोर कापड नव्हतं, दिवाण होता. गॅसची निळी ज्योत होती आणि दोन तुकडे झालेलं सागवान. तिने चौघडी पुन्हा समोर घेतली, कोपऱ्यावर दगड ठेवला, दोरी ताणली आणि खडू फिरवला. रेघ काय सुंदर आली! सुकदेवला दाखवावी अशी. तिने कात्री घेतली आणि चारी पदर एका दमात कापले, करकर करकर, एकदाही न थांबता.

कापड उचलून झटकलं.

गोल उघडलाच नाही. चार तुकडे खाली पडले. आणि हातात राहिली एक चांदणी, चार टोकांची, कडा आत गेलेली, कशाच्याच उपयोगाची नाही.

दगड उघड्या कोपऱ्यावर ठेवला गेला होता.

ती तशीच बसली. आधी हसू आलं. सुकदेव असता तर हातातलं काम टाकून आला असता, कमरेवर हात ठेवून उभा राहिला असता आणि महिनाभर वस्तीला सांगत फिरला असता, आमच्या बेबीने गोल टेबलाला चौकोन शोधला. तेवढं सांगणारं माणूस घरात नाही हे लक्षात आलं आणि हसू अर्ध्यात विझलं. केवढी चूक! आणि ती फक्त आपल्यालाच ठाऊक. चूक एकट्याने केली की ती जरा जास्तच मोठी होते, बघा.

साडेपाचला प्रज्ञा आली. प्रज्ञा शेजारची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. तिचं घर बौद्धांचं, सप्ताहाला ती यायची नाही, पण बेबाबाईचा कढीपत्ता आणि प्रज्ञाचं पेपर वाचून दाखवणं अशी दोघींची देवाणघेवाण होती. ती ओट्यावरून म्हणाली, "अक्का, दोन काड्या तोडते हं!" आणि आतून उत्तर आलं नाही म्हणून डोकावली.

"अगंबाई! हे काय?"

"बठ्ठं चुकी गयं, प्रज्ञा." बेबाबाईने तुकडे दाखवले. "गोल करायचा होता."

प्रज्ञाने पर्स खांद्यावरच ठेवली आणि उकिडवी बसली. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला. मग हसायला लागली. "अक्का, हे तर चतकोर! भाकरीचे चार चतकोर केलेत तुम्ही."

"हास, हास. उद्या महाराज येतील तेव्हा काय घालू? चतकोर?"

"थांबा तर." तिने चारही तुकडे टेबलावर ठेवले, टोकाला टोक लावून. "आमची पोरं अपूर्णांक शिकतात ना, त्यांना हेच देते मी पुठ्ठ्याचं. चार चतकोर म्हणजे काय? अख्खी भाकरी. बघा."

टेबलावर गोल होता. मधे अधिकाच्या चिन्हासारखी फट.

"शिवण घातली तर आत ओढेल," बेबाबाई म्हणाली. तिच्यातली शिवणारी जागी झाली होती. "कापड कमी पडेल. मधे पट्टी घालावी लागेल."

"मग घाला. पट्टी आहे का?"

बेबाबाईने ट्रंकेकडे पाहिलं. प्रज्ञाने घड्याळ पाहिलं. "मी निघते हं, कुकर लावायचाय. उद्या शाळेत तपासणी आहे, नाहीतर आले असते तुमची भगर खायला. महाराजांना म्हणावं, गणिताच्या बाईंनी वाचवलं."

ती गेल्यावर बेबाबाईने ट्रंक उघडली. सतरा उपरणी घडी घालून. सोळा मऊ पडलेली, घामाने पिवळसर, मानेपाशी विरलेली. सतरावं कोरं होतं. त्या वर्षी सुकदेव खाटेवर होता, उभं राहवत नव्हतं, तेव्हा प्रेमराजने ते घरी आणून दिलं होतं. सुकदेवने ते उघडलंच नाही. "पुढच्या सालना दिवशी घालू," म्हणाला होता. तांबडा काठ अजून कडक होता, दुकानात असावा तसा.

कात्री लावताना तिने डोळे मिटले. उपरण्याला नमस्कार केला, विठ्ठलाला केला की त्याला केला, तिलाही सांगता आलं नसतं. मग दोन्ही काठ उसवल्यासारखे सरळ कापून घेतले. एक काठ उभा, एक आडवा. मशीनवर बसली. पट्ट्या सरळ असतात, त्या सरळ गेल्या. खरी परीक्षा कडेची. गोल कड दुमडायला गेलं की कापड चुण्या घेतं, पोरासारखं हट्ट करतं. तिने आधी हाताने धावदोरा घातला, दोरा हलकेच ओढून चुण्या सारख्या वाटून घेतल्या, मग बोटाने दाबत दाबत शिलाई मारली. सुईत दोरा ओवताना तीनदा डोळ्यांनी दगा दिला. रात्री उशिरा ते झालं. टेबलावर घातलं तर चारी बाजूंनी वीतभर खाली आलं, आणि पांढऱ्यावर तांबडा काठ मधोमध असा गेला की जणू ते तसंच ठरवून केलं होतं. कुणाला म्हणून चूक दिसली नसती.

"बघा," ती खोलीला म्हणाली.

एकादशीला ती पहाटे उठली. सडा झाला, रांगोळी झाली, भगर निवडून ठेवली होतीच. चारही खुर्च्या पुसल्या. महाराजांना कुठली द्यावी? दाराकडे तोंड करून, म्हणजे वारा लागेल. दहा वाजता आमटीला उकळी आली आणि दारात हातगाडीचा आवाज झाला.

प्रेमराज होता, सोबत मांडवाचे दोघे जण.

"अक्का, टेबल न्यायला आलो."

"कुठे?"

"देवळामागच्या खोलीत, जिथे महाराज उतरलेत तिथे. उन्हाचं त्यांनी येणं नको म्हणे, डॉक्टरांनी चालू नका सांगितलंय. म्हणून समितीने ठरवलं, टेबल तिकडेच मांडायचं. उद्याच्याला बी सोय होईल. तुमचा फराळ बी तिथेच." मग त्याचं लक्ष कापडाकडे गेलं. "अरे वा! नवं घातलं का? चांगलं शे."

बेबाबाईच्या हातात पळी होती. ती म्हणाली, "प्रेमराज, हे टेबल निघत नाही."

"निघत नाही म्हणजे? आलं तसं निघेल."

"आलं तेव्हा दार नव्हतं."

त्याला ते माहीत होतं. सगळ्या वस्तीला माहीत होतं, रोज थट्टा करायची. पण थट्टा करता करता खरं विसरून जायला होतं. तिने कापड काढून घडी घातली आणि बाजूला उभी राहिली. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी टेबल आडवं केलं. दारात पाया अडला. उलटं केलं, मग जिना अडला. प्रेमराजने पान्हा आणून नट फिरवून पाहिला.

"भाऊंनी नट बी वेल्ड करेल शेतस, मालूम?" तो घामाघूम होऊन म्हणाला आणि खाली बसल्या बसल्या हसला. "काय माणूस! म्हणायचे, प्रेमराज, जोड असा मार की मारणाऱ्याले बी सुटला नाही पाहिजे."

क्षणभर त्या चौघांत सुकदेव होता. मग एक जण म्हणाला, "मांडववाल्याचं प्लॅस्टिकचं टेबल आहे ना, ते लावू." आणि सगळं सोपं झालं.

बेबाबाई म्हणाली, "महाराजांना रिक्षाने आणलं तर? दोन मिनिटांचा रस्ता."

प्रेमराज वर बघेना. "अक्का, समितीने ठरवलंय. तुम्ही डबा द्या ना. नाव तर तुमचंच." मग तिचा चेहरा पाहून तोही माणूसच होता, म्हणाला, "जमलं तर संध्याकाळी कीर्तनाआधी पाच मिनिटं घेऊन येतो महाराजांना. पायधूळ झाडतील."

तिने डबा भरला. चार पुडाचा. भगर, आमटी, काकडीची कोशिंबीर, वरच्या पुडात रताळ्याच्या चकत्या. दोन वाजता डबा परत आला, धुतलेला, आत दोन केळी. प्रेमराज ओट्यावरूनच म्हणाला, "महाराजांनी सांगितलं, रिकामा डबा देऊ नका. अन् भगर बठ्ठी संपवली हं, अक्का."

"मग संध्याकाळी?"

"हो हो, बघतो," म्हणत तो जिना चुकवत निघून गेला.

टेबल तिने ओढून जागेवर आणलं होतं. त्यावर कापड पुन्हा घातलं, सुरकुत्या हाताने सपाट केल्या. ताट मांडलं, तांब्या मांडला. महाराजांचा फराळ झाला होता, पण एखादं केळं, चार घोट दूध तर घेतील. पाहुण्याच्या आधी तिने कधी तोंडात घास घातला नव्हता, म्हणून ती सकाळपासून तशीच होती. चार वाजता वेणी घातली. पाचला कापूर काढून ठेवला. साडेपाचला ओट्यावर आली, परत आत गेली. रस्त्याने बायका देवळाकडे निघाल्या होत्या. एकीने हाक मारली, "अक्का, चला ना, जागा जाईल!" ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी मंग." आणि शब्द तोंडातून निघून गेल्यावर जिन्याला धरून जरा उभीच राहिली.

सहाला भोंगा खरखरला. आधी प्रेमराजचा आवाज आला. वर्गणी, उद्याच्या काल्याची वेळ, चपला नीट ठेवा. मग म्हणाला, "आजच्या फराळाचे अन्नदाते, कैलासवासी सुकदेवभाऊ फिटर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्यातून त्या पत्र्यावर पाऊस पडल्यासारख्या ऐकू आल्या.

तिने हात जोडले. नाव घेतलं, तिला बरं वाटलं. खरंच वाटलं. फक्त भगर कैलासवाशाने शिजवली नव्हती, एवढंच.

टाळ सुरू झाले. मृदंग आला, आणि महाराजांनी नमन धरलं. आवाज भरदार, जरा पडशाचा. म्हणजे ते उभे राहिले होते. म्हणजे आता ते येणार नव्हते. तिने दार लोटलं, कडी मात्र लावली नाही.

आत ताट तसंच होतं, पांढऱ्या गोलावर, वारा लागेल अशा खुर्चीसमोर. ती बघत राहिली. मग ताट उचललं आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळली, पाटाकडे. दारात थांबली. भगर आता निवून घट्ट झाली होती. तीच आमटीबरोबर वाढून घेतली, एक केळं ताटात ठेवलं, आणि परत आली. ताट टेबलावर ठेवलं. वारा लागायच्या बाजूला नव्हे, त्याच्या उलट, जिथे तो रोज पायाने खुर्ची मागे सारायचा तिथे. खुर्ची मागे सारायला कुणी नव्हतं. तिने स्वतःच ओढली. फरशीवर तिचा आवाज झाला, तीन वर्षांनी.

बस म्हणायला कुणी नव्हतं. तेव्हा तीच म्हणाली, "बस वं, बेबे."

आणि बसली. सवय नव्हती, पाय जमिनीला पुरे टेकत नव्हते. कोपर कुठे ठेवायचे कळत नव्हतं. डावा हात तिने कापडावर ठेवला तर बोटाला काही तरी खोलगट लागलं, कापडाखाली. शिकंज्याचं भोक. तिचं बोट त्यात जरासं उतरलं आणि तिथेच राहिलं.

बाहेर महाराजांनी चरण सोडलं होतं आणि गोष्टीत शिरले होते. कुठल्या तरी राजाची होती, रानात वाट चुकलेल्या. गोष्ट लांबत होती. तिला घाई नव्हती. केव्हा तरी ते परत वळतील आणि चरणावर येऊन उभे राहतील, हे तिला ठाऊक होतं. तोवर ती एकेक घास हळूहळू खात राहिली.